मी, फ्लोर्यानकाकांच्या हातातला झेंडा

मित्रांनो, झेंडा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर उंच काठी, सलामी आणि बँड येत असेल. मला कधी कोणी सलामी दिली नाही. मी एक जुना, हातभर लांबीचा लाल झेंडा आहे. माझी काठी रानातल्या फांदीची आहे आणि माझे कापड एका बाईच्या घागऱ्याचे. तरीसुद्धा चौदा हिवाळे असे गेले की मी वर असेपर्यंत धडधाकट तरुण जागचा हलत नसे, आणि मी खाली आलो की तो बर्फाच्या घसरणीवरून सुसाट सुटून हवेत झेपावत असे.

माझा जन्म ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या, डोंगरातल्या यासेन गावात झाला. आमच्या गावात मुलांच्या पायात बूट आले की पाठोपाठ स्की येतात. गावाच्या वर, देवदारांच्या राईत, उड्यांचा मोठा उतार आहे. त्याच्या टोकाला लाकडी मनोरा आहे. उडी मारणारा मनोऱ्यावरच्या आडव्या दांड्यावर बसतो, सुटतो, उकिडवा घसरत खाली येतो आणि घसरण तुटते त्या कडेवर झटकन उठून स्वतःला हवेत फेकतो. मग तीन-चार सेकंद तो हवेतच असतो. किती लांब उतरला आणि किती डौलात उतरला, यावर त्याचे गुण ठरतात. एवढेच काय ते.

पण वारा, मित्रांनो! दरीकडून समोरून येणारा वारा उडी मारणाऱ्याला तळहातावर घेतल्यासारखा उचलतो. मनोऱ्याच्या बाजूने, पाठीमागून येणारा वारा त्याला दाबून खाली आपटतो. वर दांड्यावर बसलेल्याला कडेपाशी वारा कसा आहे ते कळत नाही. म्हणून कडेच्या बाजूला लाकडी मचाण असते आणि त्यावर प्रत्येकाचा प्रशिक्षक उभा राहतो. वारा बरा वाटला की तो हातातली वस्तू खाली आणतो. त्याचा अर्थ, सूट.

आमच्या गावाचे प्रशिक्षक होते फ्लोर्यानकाका. ते लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करत आणि दुपारनंतर गावातल्या मुलांना उड्या शिकवत. आधी ते आपली तपकिरी टोपीच हलवत. एकदा एका मुलाला ती टोपी देवदारांच्या पार्श्वभूमीवर दिसलीच नाही आणि तो वरच बसून राहिला. घरी आल्यावर काका तणतणत होते. त्यांची बायको मिंकाकाकू चुलीपाशी गव्हाच्या जाड पिठाचा सांजा ढवळत होती. ती म्हणाली, "अस्वलाच्या रंगाची टोपी घालून रानात हात हलवशील तर कोणाला दिसणार? नशीब समज, कोणी बंदूक नाही उचलली."

तिने पेटीतून लग्नाच्या आधीचा आपला लाल घागरा काढला. नाचाच्या दिवशी घालायचा तो. आता तो तिला होत नव्हता.

"अगं, तो नको कापू," काका म्हणाले.

"का? परत नाचायला नेणार आहेस मला?"

काकूने कात्री चालवली, कड दुमडून शिवली, आणि मी तयार झालो. हे एकोणीसशे एकाहत्तर सालचे. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या उतारावर माझ्याइतके ठळक काही नव्हते. "फ्लोर्यानचा झेंडा" म्हणून लोक मला ओळखू लागले. मी थोडा गर्विष्ठ झालो, हे मी आत्ताच सांगून टाकतो.

काकांच्या हाताखाली पुष्कळ मुले तयार झाली. पण त्यांचा जीव होता गाश्परवर. गाश्पर नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा मचाणाखाली येऊन उभा राहिला. त्याचे वडील जर्मनीत कारखान्यात कामाला होते आणि वर्षातून दोनदा घरी येत. त्यामुळे त्याचे बूट बसतात का ते काका बघत, शाळेत गुण कमी पडले तर काका रागावत, आणि पडून हात मोडला तेव्हा त्याला डॉक्टरकडे काकांनीच पाठीवर नेले होते. मुलगा मोठा होत गेला तसतशी त्याची उडी लांबत गेली. हवेत तो इतका शांत असे की जणू पलंगावर पालथा पडून खाली काही वाचतो आहे. अठराव्या वर्षी तो देशाच्या संघात गेला. तरी आमच्या उतारावर त्याला सोडायचे काम काकांचेच. संघाच्या मोठ्या प्रशिक्षकाने स्वतःहून तसे सांगितले होते. "तुमच्या गावचा वारा तुम्हालाच ठाऊक," असे तो म्हणाला होता.

खरे तर वारा मला ठाऊक होता. दरीकडचा वारा आला की मी मनोऱ्याकडे फडफडत असे. पाठचा वारा आला की मी दरीकडे वळत असे. काका माझ्याकडे एक नजर टाकत, आणि मग त्यांची मूठ काय ती ठरवत असे.

दर जानेवारीत यासेनला पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत असे. नॉर्वेचे, फिनलंडचे, ऑस्ट्रियाचे, जपानचे नावाजलेले खेळाडू येत. उताराच्या पायथ्याशी आठ-दहा हजार माणसे जमत. सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचा वास सुटे, रम घातलेल्या चहाची पातेली चढत, गायींच्या गळ्यातल्या घंटा काढून आणून लोक त्या वाजवत. त्या काळी उडीचे अंतर मोजायला यंत्र नव्हते. उताराच्या दोन्ही कडांना माणसे उभी असत आणि ज्याच्या समोर खेळाडू उतरला तो हात वर करत असे. मिंकाकाकूचा भाऊ उर्बान नव्वद मीटरच्या रेघेपाशी उभा राहायचा. तोंडाचा भारी फटकळ माणूस.

स्पर्धेचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. वरच्या खोलीत बसलेल्या पंचांनी हिरवा दिवा लावला की पंधरा सेकंद मिळत. तेवढ्यात प्रशिक्षकाने इशारा करायचा आणि खेळाडूने सुटायचे. नाही सुटला, तर त्याची ती उडी गेली.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत गाश्पर पहिल्या फेरीनंतर तिसरा होता. घरच्या मैदानावर इतका वर आमचा कोणीच कधी पोचला नव्हता. दुसऱ्या फेरीत तो वर बसला. दिवा हिरवा झाला. काकांनी मला उंच धरले आणि त्याच क्षणी पाठीमागून वाऱ्याचा झोत आला. मी सपकन दरीकडे वळलो. काकांची मूठ आवळली. पाच सेकंद गेली, दहा गेली. गर्दी ओरडू लागली. घंटांचा नुसता कल्लोळ झाला. मी तसाच ताठ, दरीकडे. काकांनी मला खाली आणले नाही. दिवा लाल झाला.

गाश्परला दांड्यावरून उठावे लागले. स्की काढून, खांद्यावर टाकून, तो मनोऱ्याच्या पायऱ्या एकेक करून उतरला. दहा हजार माणसे बघत होती. आणि दुर्दैव बघा, त्याच्यानंतर मिनिटभरात वारा पडला. नॉर्वेचा एक खेळाडू आरामात आला आणि ब्याण्णव मीटरवर उतरला.

काका बरोबर होते, मित्रांनो. ते मी शपथेवर सांगतो. पण जे घडलेच नाही ते कोणाला दाखवायचे कसे? त्या उडीत तो पडला असता, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते.

संध्याकाळी गावातल्या खानावळीत काका बाकावर बसले, मला शेजारी टेकवून. बिअरचा ग्लास त्यांनी उचलला आणि विचारात तसाच धरून ठेवला. उर्बान पलीकडून ओरडला, "पी की रे, भावोजी! का ग्लास खाली आणायलाही वारा बघतोयस?"

सगळी खानावळ हसली. कोणीतरी म्हणाले, "झेंडा गोठला हो फ्लोर्यानचा!" दुसरा म्हणाला, "झेंडा नाही, हात गोठला. वय झालं." काकासुद्धा हसले. पण त्यांची दुसरी मूठ माझ्या काठीवर होती, आणि ती हसत नव्हती.

त्या हिवाळ्यात पोरे रस्त्यात काकांना पाहून हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहत. हे काकांनी सोसले. न सोसवणारी गोष्ट निराळी होती. गाश्पर त्यांच्याशी तीन आठवडे बोलला नाही. मग एका दुपारी तो वखारीत आला. करवत बंद होईपर्यंत थांबला.

"काका, मी उडालो असतो."

"वारा पाठचा होता, बाळा."

"असेल. पण मी उडालो असतो." त्याचा आवाज चढला नाही. "मला पडायची भीती नाही वाटत. पडलो तर पडलो. पण त्या पायऱ्या... तुम्ही एकदा उतरून बघा त्या पायऱ्या, सगळं गाव बघत असताना. परत मला असं उतरवू नका, काका. हात जोडतो."

काका भुसा झटकत राहिले. मी त्यांच्या डगल्याच्या आतल्या खिशात होतो. त्यांची छाती किती जोरात हलत होती ते फक्त मला कळले.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात बर्फच पुरेसे पडले नाही आणि स्पर्धा रद्द झाली. पंच्याऐंशीच्या जानेवारीत मात्र बर्फ कमरेइतका होता. गाश्पर तेव्हा तेवीस वर्षांचा, ऐन भरात. पहिल्या फेरीत समोरून छान वारा होता. मी खाली आलो, तो सुटला, आणि उर्बानच्या रेघेच्या पुढे साडेतीन मीटर जाऊन असा अलगद उतरला की पंचांनीही मान डोलावली असेल. तो पहिला होता. साऱ्या देशांच्या खेळाडूंत पहिला! उर्बानने रेघेवरून मचाणाकडे तोंड करून हाक मारली, "भावोजी, माझ्या रेघेचा अपमान केला तुझ्या पोराने! पुढच्या वेळी मला ऑस्ट्रियात उभं करा!"

दुसऱ्या फेरीत पहिला असतो तो सगळ्यात शेवटी उडी मारतो. एकेक खेळाडू येत गेला. वारा लहरी झाला होता. कधी समोरून, कधी आडवा, कधी काहीच नाही. अखेर दांड्यावर एकटा गाश्पर उरला. त्याला जिंकायला अठ्ठ्याऐंशी मीटर पुरे होते. तेवढे तो झोपेतही उडाला असता.

दिवा हिरवा झाला. काकांनी मला वर धरले.

सुरुवातीला दरीकडून हलका वारा होता. मी मनोऱ्याकडे जरा उचललो गेलो. काकांना अजून थोडा जोर हवा होता, म्हणून ते थांबले. खाली घंटा सुरू झाल्या. आणि मग वारा पडला. मी काठीला लटकलो, ओल्या फडक्यासारखा. दहा सेकंद गेली होती. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "हलव रे, गोठलास काय!" हसण्याची लाट मचाणापर्यंत आली. अकराव्या सेकंदाला माझी एक कड हलली. मी हळूच, अगदी हळूच, दरीकडे वळलो.

पाठचा वारा होता.

काकांनी वर पाहिले. माझ्याकडे पाहिले. हे मी आजही विसरलेलो नाही. त्यांचे डोळे माझ्या त्या वळलेल्या कडेवर टेकले, पूर्ण टेकले. मग त्यांनी गाश्परकडे पाहिले. चार सेकंद उरली होती. मला वाटते त्यांना त्या वेळी गाश्पर दिसलाच नाही. त्यांना त्या पायऱ्या दिसल्या.

त्यांनी मला खाली आणले.

आणि मित्रांनो, माझाही गुन्हा कबूल करतो. कापडाच्या हाती काही नसते, हे खरे आहे. पण त्या चार सेकंदांत मलाही खाली यायचे होते. दोन वर्षे "गोठलेला झेंडा" हे नाव मी ऐकले होते. मलाही टाळ्या हव्या होत्या.

गाश्पर सुटला. कडेवरून त्याने झेप घेतली ती नेहमीसारखीच, वेळेवर. मी अगदी शेजारी होतो, मी पाहिले. पण त्याच्या डाव्या स्कीखाली हवा उरलीच नव्हती. ती स्की खाली गेली, तो हवेत तिरका झाला, एक हात बाहेर काढला, आणि मग खांद्यावर आपटून उतारावरून गडगडत खाली गेला. एक स्की मोडून उर्बानच्या पायाशी येऊन पडली. घंटा एकदम थांबल्या. दहा हजार माणसांचे एवढे गप्प होणे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकले नाही.

काकांनी मला मचाणावर टाकले आणि ते पायऱ्यांवरून धावत सुटले.

गाश्परचा जीव वाचला. मांडीचे हाड आणि खुबा मोडला होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी उजवा पाय दोन बोटे आखूडच राहिला. पंचांच्या कागदावर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एकच कारण छापून आले, खेळाडूने कडेवर झेप घ्यायला उशीर केला. वरच्या खोलीतून त्यांना तसे वाटले असेल. वाऱ्याचा तो छोटा झोत त्यांच्या वारा दाखवणाऱ्या कोणत्याच निशाणावर दिसला नव्हता.

चौथ्या दिवशी काका खालच्या शहरात दवाखान्यात गेले. मला उर्बानने मचाणावरून आणून दिले होते आणि सवयीने मी त्यांच्या खिशात होतो. गाश्पर पांढरा पडला होता. पाय वजनाला बांधून वर टांगला होता. काकांना पाहताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"काका, मी उशीर केला."

काकांचा हात डगल्यात गेला. त्यांनी मला घट्ट धरले.

"तुम्ही मला बरोबर सोडलंत, आणि मी कडेवर झोपलो. सगळे तेच म्हणतायत. इतकी वर्षं शिकवलंत, आणि मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घालवलं. मला माफ करा."

काकांचे तोंड उघडले. मला वाटले, आता सांगतील. मूठ इतकी आवळली की माझ्या काठीवरची साल निघाली.

"आराम कर," ते म्हणाले.

बस, एवढेच. दोन शब्द.

घरी मिंकाकाकू दारातच उभी होती. काकांनी डगला काढून खुंटीवर टांगला तेव्हा ती म्हणाली, "तुला दिसलं होतं ना?"

"काय?"

"माझ्या घागऱ्याचं कापड आहे ते, फ्लोर्यान. चार वर्षं नाचले मी त्यात. ते कुठल्या बाजूला उडतंय हे मला खाली गर्दीतून दिसलं. तुला हातात असून दिसलं नसेल?"

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "दिसलं."

"मग सांग त्याला."

"बरा होऊ दे आधी."

गाश्पर बरा झाला. काकूने पुन्हा विचारले. काका म्हणाले, कुबड्यांशिवाय चालू लागू दे. तो चालू लागला. काका म्हणाले, आता त्याचे लग्न ठरते आहे, ते होऊ दे. लग्न झाले. मग त्याला मुलगी झाली, मग त्याचे वडील गेले. सांगू नये असे काही ना काही नेहमीच चाललेले असते. पुढे पुढे काकूने विचारणे बंद केले. काकांना तेव्हा हायसे वाटले असणार. मला वाटते, त्यांनी तिला इतकी वाट बघायला लावायला नको होती. नव्वद साली ती न्यूमोनियाने गेली, आणि त्यानंतर खरे काय ते जाणणारे आम्ही दोघेच उरलो, काका आणि मी.

काकांनी पंच्याऐंशीच्याच वसंतात प्रशिक्षकाचे काम सोडले होते. ज्यांनी त्यांना गोठलेला म्हटले होते तेच आता म्हणत, "किती मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने! स्वतःची चूक नसताना!" काका खानावळीत जाईनासे झाले. मला त्यांनी गावच्या स्की क्लबच्या खोलीत, स्कींना मेण लावायच्या टेबलाच्या वर, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवले. तेव्हापासून माझे काम संपले. उतारावर वारा मोजायची यंत्रे आली. माझा लाल रंग उडून विटकरी झाला, कसरीने दोन भोके पाडली. मला झटकून माझी काळजी घ्यावी असे कोणाला वाटले नाही. मला त्याचे वाईट वाटले, पण फार नाही. त्या खिळ्यावरून मला याहून वाईट गोष्ट रोज पाहावी लागत होती.

कारण मुलांना शिकवायला आता गाश्पर येत असे. त्याच खोलीत तो मुलांना टेबलावरून गादीवर उड्या मारायला लावी आणि ओरडे, "लवकर! पाय लवकर! उशीर कराल तर माझ्यासारखं होईल!" आणि आपल्या आखूड पायावर थाप मारून दाखवी. मुले घाबरत. कड यायच्या आधीच उठत. उडी आखूड पडे. दुसऱ्या क्लबांत यासेनच्या मुलांवर विनोद होऊ लागले. म्हातारा उर्बान एकदा खोलीत येऊन म्हणाला, "गाश्पर, पोरांना जरा थांबू दे की रे. कडेच्या आधीच उठतात. उड्या मारतायत की मास्तर आल्यावर उभी राहतायत?"

गाश्पर हसला नाही. "उशिराची किंमत मला माहीत आहे, मामा," तो म्हणाला.

मी खिळ्यावर होतो. दार उघडले की वारा आत येई आणि मी भिंतीवर नुसताच आपटे.

दोन हजार चार साली क्लबला पंचाहत्तर वर्षे झाली आणि क्लबचा इतिहास छापायचे ठरले. पंच्याऐंशीच्या स्पर्धेचे पान गाश्परने लिहावे असे सगळ्यांनी सुचवले. त्याने ते लिहिले, आणि एका सकाळी काकांना क्लबच्या खोलीत बोलावून घेतले. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गाश्परने शेगडी पेटवली, त्यांच्यापुढे चहा आणि अक्रोडाच्या पोळीचा तुकडा ठेवला.

"वाचा जरा, काका. तारखा, अंतरं, काही चुकलं असेल तर सांगा."

काकांनी चष्मा लावला. मला वरून ते पान दिसत होते. शेवटची ओळ अशी होती, 'फ्लोर्यानकाकांनी मला योग्य वेळी सोडले. माझ्याच चुकीने, कडेवर उशीर झाल्यामुळे, यासेनचा विजय हुकला.'

काकांनी ते पान दोनदा वाचले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक चुकलंय," ते म्हणाले.

"अंतर? साडेत्र्याण्णवच होतं ना?"

"तू उशीर केला नाहीस." काकांचा आवाज इतका बारीक झाला होता की शेगडीच्या आवाजात तो हरवत होता. "वारा पाठचा होता. मला दिसला होता."

गाश्पर मेणाचा डबा उघडत होता. तो तसाच धरून राहिला. मग त्याने विचारले, "किती सेकंद उरली होती?"

"चार."

"आणि झेंडा?"

"आधी पडला. मग दरीकडे वळला."

"तुम्ही पाहिलंत? की नंतर तसं वाटलं तुम्हाला?"

"पाहिलं. मग तुला सोडलं."

"का?"

काकांनी त्या पायऱ्यांचे नाव घेतले असते तर ते खरे ठरले असते. गाश्परने स्वतः हात जोडले होते, तेही खरे होते. पण काकांनी ते घेतले नाही. "धीर झाला नाही तुला थांबवायचा," एवढेच म्हणाले.

गाश्परने डब्याचे झाकण लावले. ते नीट बसत नव्हते, तरी तो ते पुन्हा पुन्हा दाबत राहिला.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "डोळे मिटले की मी ती उडी मारतो. रोज. रोज पाय थोडे लवकर उचलतो. तरी पडतोच. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी मुळातच कमी आहे. माझ्या मुलीला मी उतारावर जाऊ दिलं नाही. वाटलं, माझे पाय तिला आले असतील तर?" डबा त्याने बाजूला सारला. "गावातल्या एवढ्या मुलांना मी चुकीचं शिकवलं."

काका रडत होते. गाश्परने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने आपली चालायची काठी घेतली आणि तो बाहेर गेला. दार उघडेच राहिले. काका किती तरी वेळ तिथे बसून होते. चहा गार झाला, पोळीचा तुकडा तसाच राहिला.

आठवड्याने गाश्पर तेच पान घेऊन आला. काकांनाही बोलावले होते. शेवटची ओळ त्याने खोडली होती आणि खाली जागा मोकळी सोडली होती. त्याने पेन टेबलावर ठेवले.

"तुम्ही लिहा."

काकांनी पेन उचलले. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिले, 'वारा पाठचा होता. झेंड्यावर तो मला दिसला होता. तरी मी गाश्परला सोडले. त्याने उशीर केला नव्हता.' गाश्परने ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले.

"सही राहिली," तो म्हणाला आणि पान पुन्हा बाहेर काढले. "इथे सही करा, फ्लोर्यान."

मित्रांनो, नऊ वर्षांचा असल्यापासून त्याने त्यांना दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारली नव्हती. त्या दिवसापासून तो त्यांना काका म्हणाला नाही. रस्त्यात भेटला तर थांबे, तब्येत विचारी, हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फही काढून देई. पण 'काका' नाही. काकांनी सही केली आणि मान वर केली, तेव्हा त्यांना ते कळले होते. मला वाटते, हेच टळावे म्हणून त्यांनी एकोणीस वर्षे तोंड उघडले नव्हते.

पुस्तक छापून आले. कोणी हळहळले, कोणी चिडले, खानावळीत काकांची टर उडवणारा उर्बान तर चार दिवस घराबाहेर पडला नाही. क्लबच्या खोलीत गाश्पर मुलांना आता म्हणतो, "थांब. कड येऊ दे. घाई कशाची?" मुले लांब उडू लागली आहेत. पुढच्याच शरद ऋतूत काका झोपेत गेले. गाश्पर शवपेटीला खांदा देऊ शकला नाही, पायामुळे. तो मागून चालत गेला, सगळ्यांत शेवटी.

माझे आता फारसे दिवस उरलेले नाहीत. काठी किडली आहे. माझी काळजी घ्या, मला काचेत ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखी चिंधी गेली तर जगाचे काही अडणार नाही. मागणे दुसरेच आहे. चूक सगळ्यांच्याच हातून होते. तुमच्याही होईल, आणि कधीतरी असे होईल की तुमची चूक दुसरा कोणी, तुमच्यावर जीव असणारा, स्वतःच्या माथी घेऊन तुमचीच माफी मागेल. तेव्हा त्याला आराम कर म्हणू नका. तो बरा होण्याची, चालण्याची, लग्नाची वाट बघू नका. मी वाऱ्यावर हलण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. तुम्हाला बोलता येते. बोला, मित्रांनो, त्याच दिवशी बोला. तो तुम्हाला अजून काका म्हणतो आहे, तोवर बोला.